खाऊन बघितला काय?

घणसोली गावातली माझी घरमालकीण समोरच्या माणसाचं बोलणं क्वचितच ऐकायची. ती ऐकायची त्याचा श्वास. मान जराशी तिरकी करायची, डोळे अर्धवट मिटायची, आणि तुम्ही भाड्याचं, पाण्याचं, नळाच्या वेळेचं काहीही विचारत असलात तरी उत्तर तुमच्या छातीला द्यायची.

मी वडिलांबरोबर तिची खोली बघायला गेले ती नव्वदच्या दशकाची सुरुवात. मी केमिस्ट्रीची बी.एस्सी., कराडकडची. पावण्याच्या एमआयडीसीत रंगाच्या एका छोट्या कारखान्यात मला लॅबमध्ये नोकरी लागली होती. येताना वडिलांनी दोनदा बजावलं होतं, "दम्याचा विषय काढायचा नाही. खोली द्यायचे नाहीत लोक."

ती ओटीवर पाटावर बसली होती. कासोट्याचं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू, हातात तिखटमीठ लावलेला पेरू. वडील बोलत होते, मी खाली बघत उभी होते. तिनं मान तिरकी केली.

"पोरीला दमा हाय ना?"

"नाही नाही," वडील म्हणाले. "प्रवासाची सर्दी आहे जरा."

"खोटा नको बोलू. शिटी वाजते तिची. मना हितपर्यंत आयकू येते." मग तिनं कनवटीला खोचलेला दम्याचा निळा पंप काढला, हलवला, आमच्यासमोर तोंडात धरून ओढला, दहा आकडे श्वास रोखला आणि उरलेला पेरू खायला घेतला. "खोली दिली. दुसऱ्या कोनाला दिली असती का नाय, इचार केला असता."

त्या काळी पंप म्हणजे शेवटची पायरी समजत. पंप लागला की माणूस संपला, पंपाची सवय लागते, पंपवाल्या मुलीचं लग्न होत नाही. लोक संडासात जाऊन पंप घेत, मीही तशीच घ्यायची. ही बाई मात्र भर बाजारात, देवळात आरती चालू असताना, मयताच्या घरीसुद्धा पंप काढायची. कुणी बघत राहिलं तर म्हणायची, "तपकीर वढताना लाजता काय कवा? मंग ह्याला का लाजू?"

मी तिला मावशी म्हणायला लागले. गाव तिला दमेवाली म्हणायचं आणि त्याचं तिला काही वाटत नसे.

तिची गोष्ट तिनंच मला सांगितली, मासे साफ करता करता, तीन-चार दिवसांत तुकड्यातुकड्यानं. लग्न होऊन आल्यावर दुसऱ्याच पावसात तिला दमा लागला. सासूनं सगळं थंड खाणं बंद केलं. आधी दही गेलं, मग ताक, केळं, पेरू, काकडी, लिंबू. मग कुणीतरी सांगितलं म्हणून मासे गेले. रात्रीचा भात गेला. आगरी घरातली सून, दाराशी खाडी, आणि ही नाचणीची भाकरी मिठाबरोबर खाणार. बारा वर्षं.

"दमा गेला का मग?" मी विचारलं.

"दमा कशाला जाईल? मी चालली होती. हाडा दिसाला लागली होती माझी."

तेराव्या वर्षी गणपतीत प्रसादाचा केळ्यांचा घड आला. सगळं घर अंगणात होतं. तिनं घड मांडीवर घेतला आणि सहा केळी खाल्ली, एकामागून एक. सासूनं कपाळ बडवून घेतलं, दीर वैद्याला आणायला धावला. ती अंगणात मधोमध बसून राहिली, दम लागायची वाट बघत. दुपार झाली, संध्याकाळ झाली, आरती झाली.

"काय झाला नाय. पोट दुखला थोडा. सहा खाल्ली ना! तवा मना येवढा राग आला. बारा वर्सा, पोरी! आनि कोनी एकानं पन खाऊन बघितला नवता."

त्या दिवसापासून तिनं एकेक पदार्थ स्वतःवर तपासायला घेतला. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिची पद्धत अशी. एक पदार्थ घ्यायचा आणि पंधरा दिवस रोज खायचा. बाकी जेवण तेच ठेवायचं, नवीन दुसरं काही नाही. रोज सकाळी घरापासून खाडीच्या बांधावर चालत जायचं, उघाडीपर्यंत. उघाडी म्हणजे भरतीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधाला बसवलेलं दार. वाटेत दम लागून कितीदा थांबावं लागलं ते बोटांवर मोजायचं आणि घरी येऊन मागच्या दाराच्या फळीवर तितके चुन्याचे ठिपके द्यायचे. पदार्थाचं चित्र वर. पेरू म्हणजे गोल आणि देठ, मासा ओळखू यायचा, दही म्हणजे मडकं. ते दार पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, पोरांनी रेघोट्या मारल्यात.

काही दिवसांवर फुली होती. मी विचारलं, ह्या फुल्या कसल्या?

"त्या दिशी वारा पावण्याकडशी होता. कारखान्यांचा वास. तवा दम लागला तर दह्यानं लागला का तुमच्या कारखान्यानं, कसा समजनार? तो दिस धरायचा नाय."

मी पदवीधर. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मला कॉलेजात तीन वर्षं शिकवलं होतं आणि मी ते परीक्षेत लिहून विसरले होते. आणि हिनं ते केळ्यांच्या घडावरून शोधून काढलं होतं.

गावातलं कुणीही, अगदी डॉक्टरसुद्धा, दम्याला अमुक खाऊ नका म्हणाला की तिचा एकच प्रश्न असायचा. "खाऊन बघितला काय?"

मी एका मासिकात वाचलं होतं की पेरू-आवळ्यातलं क जीवनसत्त्व, मासळीतलं तेल आणि पालेभाज्या यांचा दम्याला थोडाफार उपयोग होत असावा, पण खात्रीनं कुणी सांगत नाही. मी तिला वाचून दाखवलं. मला वाटलं, खूश होईल. ती म्हणाली, "मंग बघू." माघात तिनं रोज एक पेरू धरला. पंधरा दिवस झाले, तिनं आणखी पंधरा वाढवले. ठिपके कमी झाले. मीच उड्या मारायला लागले, मावशी, बघा, पेरूनं फरक पडला!

तिनं दाराकडे बराच वेळ बघितलं. "थंडी पन ह्याच महिन्यान गेली ना. पेरूनं झाला का उनानं, कोन सांगनार?" मग म्हणाली, "दम वाढला नाय, येवढा खरा. गोड लागला, येवढा पन खरा. तर खाऊ."

एका गोष्टीबद्दल मात्र तिला शंका नव्हती. बाटलीतलं पिवळं सरबत. लग्नाकार्यात देतात ते. तीन वेळा तपासलं आणि तिन्ही वेळा त्या चित्राखाली ठिपक्यांची रांगच रांग. घरच्या लिंबाच्या सरबतानं काही होत नव्हतं. मी बाटलीवरचं बारीक अक्षर वाचून तिला सांगितलं की ते टिकावं म्हणून त्यात गंधकाची पावडर घालतात, आमच्या लॅबमध्येही तसली असते आणि तिचा वास आला की मला खोकला सुटतो. "मंग ते लिंबाचा नाव कशाला लावतात त्याला?" एवढंच ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी माझ्या खोलीतली सरबताची बाटली गटारात ओतलेली होती. मला न विचारता.

कारण तशी ती वागायला सोपी नव्हतीच. माझा डबा उघडून बघायची. मी दही टाळलं की भांडायची. आणि एकदा तर तिनं चूक केली, मोठी.

मी लहानपणापासून मासे खाल्ले नव्हते. तिनं कोलंबीचं कालवण केलं. मी नको म्हणत होते. "मी तपासलाय कोलंबी," ती म्हणाली. "काय होत नाय." मी चार घास खाल्ले. ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या आणि छाती अशी आवळली की पंपानंही सुटेना. रिक्षात घालून तिनं मला कोपरखैरण्याच्या डॉक्टरकडे नेलं. इंजेक्शन दिल्यावर मी डोळे उघडले, तेव्हा ती बाकावर बसली होती. तिच्याच छातीची शिट्टी वाजत होती आणि पंप कनवटीला तसाच होता.

"मावशी, पंप घ्या ना."

तिनं घेतला. रिक्षातून उतरताना म्हणाली, "माझा आंग माझा, तुझा आंग तुझा. ह्या माझ्या डोक्यान कसा आला नाय?" तिनं माफी मागितली नाही. पण त्या घरात महिनाभर कोलंबी शिजली नाही, आणि दाराच्या दुसऱ्या फळीवर तिनं माझ्यासाठी वेगळी जागा केली. पहिलं चित्र कोलंबीचं. त्यावर आडवी-उभी अशी जाड फुली, की चुना खाली ओघळला होता.

पुढे वर्षभरात गावदेवीच्या देवळाच्या सभामंडपात एक गृहस्थ आला. टाय, ब्रीफकेस, फुप्फुसाचं रंगीत चित्र. जीवनसत्त्वांच्या गोळ्यांच्या बाटल्या विकत होता. दमा मुळापासून जातो, फक्त पंप सोडायचा, पंपानं फुप्फुसं सुकतात, असं सांगत होता. बाया पुढे सरकून ऐकत होत्या. मावशी उठली.

"तू खाऊन बघितला काय?"

"मला दमा नाही, मावशी," तो हसून म्हणाला.

"मंग तुला कसा समजला?"

लोक हसले. त्याचा चेहरा उतरला, पण माणूस हुशार होता. म्हणाला, तुम्हीच घेऊन बघा, एक बाटली माझ्याकडून. तिनं घेतली. "पंधरा दिस खाते. पन पंप सोडनार नाय. तुझ्या गोळीत दम असंल तर ती पंपासंगती पन दिसंल."

पंधरा दिवस ती घड्याळ लावल्यासारखी गोळ्या घेत होती. सोळाव्या दिवशी तो आला तेव्हा सभामंडप गच्च भरला होता. ती उभी राहिली आणि मोकळ्या आवाजात म्हणाली, "ठिपके तेवढेच. एक कमी नाय, एक जास्ती नाय. फकस्त मूत पिवळा झाला."

तो ब्रीफकेस घेऊन गेला तो गेलाच. त्याच्या नादानं गावातल्या दोन बायांनी पंप कपाटात टाकले होते. ते त्या दिवशी परत बाहेर निघाले. एकीनं मला हळूच विचारलं, "पेरू तरी खाऊ का?" मावशीनं ऐकलं. "खा गो. पन पंप घे आनि मंग पेरू खा. पेरू खाते म्हनून पंप सोडलास तर मी तुला बांधावरशी ढकलीन."

ती गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. दम्यानं नाही गेली. ताप आला आणि आठ दिवसांत संपली. मी तेव्हा दुसऱ्या गावी होते, मला उशिरा कळलं. तिच्याबद्दल लिहायचं ठरवलं तेव्हा जो दिवस सगळ्यात आधी आठवला, तो अजून सांगायचा राहिला आहे.

मला स्थळ आलं होतं. नेरुळला स्वतःचा फ्लॅट, मुलगा बँकेत. आईवडील कराडहून आले. माझी खोली लहान, म्हणून मावशीनं ओटी दिली, सतरंजी घातली, स्वतः आत बसते म्हणाली. आईनं आल्याआल्या माझा पंप आतल्या ट्रंकेत ठेवला. "आजच्या दिवस कळ काढ. लगीन झाल्यावर सांगता येतंय हळूहळू."

मुलगा, त्याची आई आणि मामा आले. पोहे झाले. आईनं पाहुण्यांसाठी येतानाच सरबताची बाटली आणली होती, पिवळी. त्यात काय असतं ते मला माहीत होतं, पण पाहुण्यांसमोर काय बोलणार? मुलाची आई प्रेमानं म्हणाली, "तू पण घे ना आमच्याबरोबर." मी आईकडे बघितलं. आईनं डोळ्यांनी 'घे' म्हटलं. मी अर्धा पेला प्यायले.

दहा मिनिटंही गेली नाहीत. मामा विचारत होते, स्वयंपाक काय काय येतो. मी उत्तर द्यायला लागले आणि वाक्य अर्ध्यात तुटलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तुटलं. छातीतली शिट्टी मला ऐकू यायला लागली, म्हणजे सगळ्यांनाच येत असणार.

"सर्दी आहे का?" मुलाच्या आईनं विचारलं.

"व्हय, हवा बदलली न्हवं," आई म्हणाली.

आतून ट्रंकेचं झाकण वाजलं. मावशी बाहेर आली, पाहुण्यांच्या मधून चालत माझ्यासमोर उभी राहिली आणि तिनं हात पुढे केला. हातात माझा पंप. "वढ."

मी आईकडे बघितलं. आई अगदी बारीक मान हलवत होती, नको, नको. मावशीनं बळजबरी केली नाही. पंप तसाच पुढे धरून उभी राहिली. मी तो घेतला, हलवला, आणि त्या सगळ्यांच्या तोंडाकडे बघत ओढला. एकदा. मग दुसऱ्यांदा. आयुष्यात पहिल्यांदा मी चार माणसांत पंप घेतला आणि मला कुणाची शरम वाटली नाही. राग आला होता. माझ्याच अंगाची चोरी केल्यासारखं इतकी वर्षं वागले, त्याचा.

"मला दमा आहे," मी म्हणाले. "लहानपणापासून."

मुलाच्या आईनं पर्स जवळ घेतली. "हे आधी सांगायला हवं होतं."

"आता सांगितला," मावशी म्हणाली. "चा ठेवलाय. पिऊन जा."

ते चहाला थांबले नाहीत. मुलगा दारात वळून काहीतरी बोलणार होता, पण मामानं त्याला हाताला धरून नेलं.

ते गल्लीच्या बाहेर पडले. मग आईचा बांध फुटला. "माझ्या लेकीचं लगीन मोडलंसा तुमी! काय वाकडं केलं हुतं आमी तुमचं?"

"लगीन मोडला. पोरगी हाय ना जागेवर?"

"तुमाला काय त्याचं? उद्या हिला कोण करून घेणार? लोकांत सांगायची गोष्ट हाय का ही? मी एवढी वर्सं..." आईचा आवाज चढला, फाटला आणि खोकला लागला. जुनाच खोकला. आमच्या घरी त्याला कुणी खोकलाही म्हणत नसे, इतकी त्याची सवय होती.

मावशी उलट बोलायला तोंड उघडून होती, ती थांबली. तिनं मान तिरकी केली. डोळे अर्धवट मिटले. आई खोकत होती.

"तुला पन हाय," मावशी म्हणाली.

"काय तरीच," आई म्हणाली.

"तिला खोकला आहे जुना," वडील म्हणाले.

"कवापासून?"

आई सतरंजीवर बसली. पदरानं तोंड पुसलं, पण पदर तोंडावरून काढला नाही. त्याच्याआडून म्हणाली, "लग्नाच्या आदीपासनं. आमच्या आयनं सांगितलं हुतं, सासरी कळू द्यायचं न्हाई. कळलं तर परत धाडतील."

सव्वीस वर्षं. आई दही खात नाही ते तिला आवडत नाही म्हणून, केळं खात नाही ते पोरांना उरावं म्हणून, असंच आम्ही समजत होतो. लहानपणी माझं खाणं एकेक करून तिनं बंद केलं होतं, ते सगळं तिनं आधी स्वतःचं बंद केलेलं होतं. पहाटे धारेच्या आधी ती तासभर गोठ्यात जाऊन बसायची. म्हशीचा लळा म्हणून आम्ही तिची थट्टा करायचो.

वडिलांनाही तेव्हाच कळलं असावं. त्यांच्या तोंडून एकच शब्द आला. "गोठ्यात?"

आईनं मान डोलावली.

वडील उठून अंगणात गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. मावशी आईच्या शेजारी येऊन बसली. भांडण कुठे होतं तिथेच राहिलं. तिनं आईच्या पाठीवर हात ठेवला आणि मला म्हणाली, "चा आन. सगळ्यांचा हाय तो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आईला घेऊन कोपरखैरण्याला गेली. मी रजा काढली होती. डॉक्टरांनी आईची छाती तपासली, मागून, पुढून. किती दिवसांपासून, असं विचारलं, आणि उत्तर ऐकून पेन खाली ठेवलं. मग पंप कसा घ्यायचा ते दाखवलं. आईला पहिल्यांदा जमलं नाही, दुसऱ्यांदाही अर्धाच गेला. तिसऱ्यांदा नीट ओढला. आम्ही थांबलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आईनं एक श्वास घेतला, मग आणखी एक, खोल. ती माझ्याकडे बघायला लागली, काहीतरी चुकल्यासारखी.

"एवढी हवा असती?" ती म्हणाली.

डॉक्टर हसले. मावशी हसली नाही. तिनं तोंड फिरवलं आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

चार दिवसांनी मी आईवडिलांना वाशीला एस.टी.च्या थांब्यावर सोडायला गेले. गर्दी होती. गाडीला वेळ होता. ऊन चढत होतं, धूळ उडत होती. आई रांगेत मधेच उभी राहिली, पिशवी खाली ठेवली आणि आतून पंप काढला. वडिलांनी पाण्याची बाटली उघडून हातात धरली. आईनं पंप हलवला, डोकं वर केलं आणि ओढला. पुढची एक बाई वळून टक लावून बघायला लागली, मागचे दोघं-तिघं बघायला लागले.

आईनं दहा आकडे श्वास रोखला. सोडला. मग त्या बाईच्या डोळ्यांत बघून मोठ्यानं, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाली, "दमा हाय मला."

कुणी विचारलं नव्हतं.